पवित्र सार्वत्रिक मंडळी : शेजाऱ्याच्या विश्वासाविषयी खरी साक्ष

प्रभूच्या दिवशी उपासनेत आपण उभे राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. पवित्र आत्म्याचा उल्लेख झाल्यावर लगेच त्यात पवित्र सार्वत्रिक मंडळीचे नाव येते. ह्या नावाविषयी खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून आम्हांस वारंवार प्रश्न येतात. कोणी विचारतो, मूळ भाषेत येथे ‘कॅथोलिक’ असा शब्द आहे हे खरे काय? खरे असल्यास प्रॉटेस्टंट म्हणविणाऱ्यांनी तो मुखाने उच्चारावा कसा? दुसरा विचारतो, रोमन कॅथोलिक लोकही हाच अंगीकार म्हणतात, तर त्यांच्यात व आपल्यात भेद तो कोणता? तिसरा ह्याहून पुढे जाऊन म्हणतो, ते मरीयेची पूजा करतात, पोपास निष्पाप मानतात, पैसे देऊन पापक्षमा घेतात; अशांस ख्रिस्ती तरी म्हणावे काय?

हे प्रश्न केवळ माहितीचे आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु थोडा विचार केल्यास ते नीतीचे प्रश्न आहेत असे दिसून येईल. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी देवाची आज्ञा आहे. आपल्या गणनेप्रमाणे ती नववी, रोमन कॅथोलिक व लूथरन बंधूंच्या गणनेप्रमाणे आठवी. गणना निराळी, पण आज्ञा एकच. ही आज्ञा आपण बहुधा कोर्टकचेरीपुरती समजतो. शेजाऱ्याच्या शेताविषयी, गुरांविषयी किंवा अब्रूविषयी खोटे बोलणारा दोषी होय, हे आपणांस पटते. मग मनुष्याचा देवाशी जो संबंध, म्हणजे त्याच्याजवळील सर्वांत मोलाची ठेव, तिजविषयी न विचारता, न वाचता, केवळ ऐकीव गोष्टींवरून बोलणारा निर्दोष कसा ठरेल? ज्या विश्वासाशी आपण सर्वस्वी सहमत नाही, त्याविषयी बोलताना आपल्यावर सत्याचे कोणते ऋण आहे, हा आजचा आपला प्रश्न आहे.

प्रथम त्या शब्दाचाच विचार करू. ‘कॅथोलिक’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून ‘संपूर्णास अनुसरून असणारे’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. मंडळीस हे विशेषण लावल्याचे सर्वांत जुने उपलब्ध उदाहरण अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस ह्याने स्मुर्णा येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात आढळते. हे पत्र दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्या वेळी इग्नेशियसास कैद करून मृत्युदंडासाठी रोमकडे नेण्यात येत होते. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, जेथे येशू ख्रिस्त तेथे ही संपूर्ण मंडळी. पुढे सुमारे ३५० साली यरुशलेमच्या सिरिलने बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांस ह्या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला. मंडळी जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली आहे. मनुष्याने जे जाणले पाहिजे ते सर्व ती शिकविते. राजा व प्रजा, विद्वान व अडाणी अशा सर्व प्रकारच्या लोकांस ती एका भक्तीत आणिते. आणि आत्म्याच्या व देहाच्या सर्व पापांवर तिच्याजवळ औषध आहे. म्हणून ती कॅथोलिक होय. ह्या अर्थात एका शहराचे किंवा एका पाळकाच्या गादीचे नाव नाही.

आपल्या वडिलांनी मराठीत ‘सार्वत्रिक’ हा शब्द योजिला तो योग्यच आहे. जर्मन भाषेत ह्या ठिकाणी ‘ख्रिस्ती मंडळी’ असे म्हणण्याची रीत होती व १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत लूथरने तीच ठेविली. तेव्हा शब्द कोणताही असो, वस्तू एकच. तथापि सार्वत्रिक म्हणताना आपल्या मनात केवळ ठिकाणांचा विचार येतो, म्हणजे ही मंडळी देशोदेशी आहे एवढाच. संपूर्णतेचा अर्थ मागे राहतो. ज्या मंडळीत जात पाहून शेजार निवडला जातो, जेथे एका वस्तीचे लोक पुढे व दुसऱ्या वस्तीचे लोक मागे बसतात, तिने आपले नाव रोमशी जोडलेले असो वा नसो, सिरिलच्या तिसऱ्या अर्थास ती अद्याप उतरली नाही. हा शब्द आपण उच्चारावा की नाही, ह्याची चिंता करण्यापेक्षा आपण त्यास शोभतो की नाही, ही चिंता अधिक उपयोगी आहे.

ह्यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘कॅथोलिक’ हे विशेषण सर्व मंडळीचे आहे. ‘रोमन कॅथोलिक’ हे रोमच्या बिशपाशी ऐक्य राखणाऱ्या मंडळीचे नाव आहे. रोमच्या मंडळीचे म्हणणे असे की, ह्या विशेषणाची पूर्णता त्या ऐक्यातच आहे. आपले म्हणणे असे की, ही पूर्णता ख्रिस्ताच्या सुवार्तेत आहे, आणि ज्यांनी सोळाव्या शतकात पोपाची सत्ता नाकारली त्यांनी त्या योगे सार्वत्रिक मंडळी सोडली नाही. हा भेद लहान नाही. परंतु तो समजून घेतल्यावर हा शब्द उच्चारताना कोणाचीही जीभ अडखळण्याचे कारण उरत नाही.

आता दोघांच्या समाईक ठेव्याकडे पाहू. प्रेषितांचा विश्वासांगीकार प्रेषितांनी स्वतः लिहिला नाही. बारा जणांनी एकेक वाक्य दिले अशी जुनी आख्यायिका आहे, परंतु तिला आधार सापडत नाही. रोम येथील मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवरून त्याचे जुने रूप तयार झाले, आणि आज आपण म्हणतो ते संपूर्ण रूप आठव्या शतकातील एका ग्रंथात दिसते. प्रेषितांच्या शिकवणीचे सार म्हणून त्यास त्यांचे नाव शोभते. नायसियाचा विश्वासांगीकार ३२५ सालच्या धर्मसभेत सिद्ध झाला, व तो ज्या रूपात आज म्हटला जातो ते रूप ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील सभेचे मानितात. पुत्र हा पित्याहून कनिष्ठ अशी निर्माण केलेली वस्तू नसून पित्याशी एकतत्त्व आहे, हे तेथे ठरले. २०२५ साली त्या सभेस १७०० वर्षे झाली, तेव्हा रोमन कॅथोलिक, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट अशा सर्वांनी तिचे स्मरण केले. पवित्र आत्मा पित्यापासून ‘व पुत्रापासून’ निघतो असे शब्द पश्चिमेकडील मंडळीने पुढे त्यात घातले व पूर्वेने ते स्वीकारले नाहीत. ह्या वादात आपण व रोमन कॅथोलिक एकाच बाजूस उभे आहो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोमन कॅथोलिक लोक देवाऐवजी मंडळीवर विश्वास ठेवितात असा आक्षेप आपण ऐकतो. परंतु लॅटिन अंगीकारात देवाच्या नावाबरोबर जे अव्यय आहे ते मंडळीच्या नावाबरोबर नाही. सुमारे ४०४ साली रुफिनसने ह्या अंगीकारावर जी टीका लिहिली, तीत त्याने हा फरक मुद्दाम दाखविला आहे. भरवसा देवावर टाकावयाचा आणि मंडळी ही त्याची कृती आहे असे मानावयाचे. १५६६ साली रोमने आपल्या पाळकांसाठी जी प्रश्नोत्तरावली काढिली, तीतही हीच शिकवण आहे. म्हणजे ज्या चुकीचा आरोप आपण त्यांजवर करितो, त्या चुकीपासून त्यांचाच ग्रंथ त्यांस सावध करितो.

शेताच्या बांधाविषयी तंटा झाला म्हणजे मोजणीच्या वेळी हद्दीचे दगड शोधावे लागतात. जो दगड नाही तेथे आहे असे सांगतो तो शेजाऱ्याचे नुकसान करितो. पण खरा दगड कोठे आहे तेही त्यास अखेर सांगता येत नाही, म्हणून त्याचे स्वतःचेही नुकसान होते. धर्ममतांची गोष्ट अशीच आहे. रोमन कॅथोलिक व प्रॉटेस्टंट ह्यांमध्ये हद्द आहे. ती नाही असे म्हणणे हे असत्य होय. परंतु ती जेथे नाही तेथे दाखविणे हेही असत्यच. म्हणून आम्ही तीन नियम सुचवितो. पहिला, शेजारी काय मानितो हे त्याच्या मुखाने व त्याच्या मंडळीच्या अधिकृत ग्रंथांवरून जाणावे, त्याच्या विरोधकांच्या पुस्तकांवरून नव्हे. दुसरा, शिकवण व लोकाचार ह्यांत भेद करावा. तिसरा, एवढे केल्यावर जो मतभेद उरतो तो न लपविता सौम्यपणे सांगावा. ह्या नियमांनी नेहमीचे प्रश्न पाहू.

मरीयेविषयीचा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. रोमन कॅथोलिक शिकवण अशी की, आराधना केवळ देवाची. मरीया व इतर पवित्र जन ह्यांस आदर द्यावयाचा व त्यांस आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावयाची. मूर्तींविषयी ७८७ सालच्या नायसिया येथील दुसऱ्या सभेने हाच भेद केला. मूर्तीस दिलेला आदर ज्याची ती मूर्ती त्यास पोहोचतो, आणि खरी आराधना देवाचीच, असे तिने ठरविले. ‘देवमाता’ ही पदवी ४३१ साली इफिस येथील सभेत मान्य झाली. मरीया ईश्वरत्वाची जननी आहे असा तिचा अर्थ नसून, जो तिच्या उदरी जन्मला तो खराच देव होता, असा आहे. लूथरनेही ती मान्य केली होती. मरीयेचा निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारिकेपासून जन्म, अशी समजूत आपल्याकडे व त्यांच्याकडेही पुष्कळांची आहे. पण ती चुकीची आहे. मरीया स्वतः गर्भात आल्यापासून मूळ पापाच्या डागापासून मुक्त राखली गेली, असे ते मत असून १८५४ साली पोपाने ते जाहीर केले. ती देहासह स्वर्गात घेतली गेली हे मत १९५० साली जाहीर झाले. मात्र २०२५ च्या नोव्हेंबरात रोमच्या धर्मशिक्षण विभागाने मरीयेस ‘सहतारक’ म्हणणे उचित नाही असेही स्पष्ट केले, कारण तारणारा एकच आहे.

ह्यावर आमचे म्हणणे काय? १८५४ व १९५० सालच्या मतांस पवित्र शास्त्रात आधार दिसत नाही, आणि निद्रिस्त पवित्र जनांस विनंती करावी अशी आज्ञा किंवा उदाहरणही आम्हांस तेथे आढळत नाही. म्हणून आम्ही ती करीत नाही. परंतु ते मरीयेस देव मानितात असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. लोकाचार शिकवणीच्या पुढे धावतो, ही गोष्ट निराळी. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे हात, पाय व घरे वाहण्यासाठी विकली जातात. वाहणारा प्रत्येक जण आदर व आराधना ह्यांतील भेद जाणून वाहतो, असे कोणी शहाणा कॅथोलिक पाळकही म्हणणार नाही. पण आपल्याही घरांत तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाखाली शास्त्राचे पुस्तक ताईतासारखे ठेविले जात नाही काय? त्यावरून कोणी आपल्या मंडळीची शिकवण ठरविली तर ते आपणांस न्याय्य वाटेल काय?

दुसरा प्रश्न पोपाचा. पोप पाप करीत नाही असे रोमन कॅथोलिक मंडळी शिकवीत नाही. २०१४ च्या मार्च महिन्यात पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमच्या सेंट पीटर मंदिरात सर्वांसमक्ष एका सामान्य पाळकापुढे गुडघे टेकून पापांगीकार केला. १८७० साली व्हॅटिकनच्या पहिल्या सभेने ठरविले ते असे की, सर्व ख्रिस्ती जनांचा पाळक व शिक्षक ह्या नात्याने पोप जेव्हा विश्वास किंवा नीती ह्यांविषयी एखादे मत सर्व मंडळीने मानण्यासाठी निश्चित करितो, तेव्हा देवाच्या साहाय्याने त्याच्या हातून चूक होत नाही. त्या ठरावानंतर ह्या अधिकाराचा उघड उपयोग एकदाच झाला, तो वर सांगितलेल्या १९५० सालच्या जाहीरनाम्यात. हा अधिकार आम्ही मानीत नाही. ख्रिस्ताने कोणाही एका मनुष्यास असे वचन दिले, असे आम्हांस शास्त्रात आढळत नाही. येथे हद्दीचा दगड खरोखरच आहे, आणि तो मोठा आहे. पण तो अचूकपणाचा दगड आहे, निष्पापपणाचा नव्हे.

तिसरा प्रश्न पापक्षमेचा व पैशाचा. सोळाव्या शतकात क्षमापत्रांचा जो व्यापार झाला तो इतिहास आहे, आणि १५१७ साली लूथरने त्याविरुद्ध उचललेला आवाज योग्य होता. परंतु हेही सांगितले पाहिजे की, ट्रेंटच्या सभेने १५६२ साली क्षमापत्रांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांचे पद बंद केले, आणि १५६७ साली पोपाने पैशाशी जोडलेली सर्व क्षमापत्रे रद्द केली. क्षमापत्र म्हणजे पापाची क्षमाही नव्हे; क्षमा झालेल्या पापाची जी ऐहिक शिक्षा उरते असे ते मानितात, तीतून सूट असा त्याचा अर्थ आहे. पाळकापुढे पापांगीकार करताना क्षमा देवच करितो व पाळक त्याच्या नावाने ती उच्चारितो, आणि खऱ्या पश्चात्तापावाचून ती लागू होत नाही, अशी त्यांची शिकवण आहे. शुद्धिस्थान म्हणजे मृत्यूनंतर मिळणारी दुसरी संधी नव्हे. तेथील आत्म्यांचे तारण निश्चित झालेले असते असे ते म्हणतात. आम्ही शुद्धिस्थान मानीत नाही, कारण ख्रिस्ताच्या रक्ताने होणारी शुद्धी पूर्ण आहे. परंतु ‘त्यांच्यात पैसे भरले की पाप सुटते’ हे वाक्य आज जो उच्चारितो तो खोटी साक्ष देतो.

चौथा प्रश्न कृत्यांचा. रोमन कॅथोलिक स्वतःच्या कृत्यांनी तारण मिळवू पाहतात असे आपण सरसकट म्हणतो. ट्रेंटच्या सभेने १५४७ साली ह्या विषयावर जे नियम केले, त्यांतील पहिलाच नियम, ख्रिस्ताच्या द्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून मनुष्य केवळ आपल्या कृत्यांनी नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्यास दोषी ठरवितो. मात्र त्याच सभेने ‘केवळ विश्वासाने’ ह्या शब्दांचा जो अर्थ तिला समजला होता त्यासही दोष दिला, हेही तितकेच खरे आहे. ह्यानंतर साडेचारशे वर्षे गेली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जागतिक लूथरन संघ व रोमन कॅथोलिक मंडळी ह्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मनुष्याचा स्वीकार देव त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाच्या द्वारे केवळ कृपेने करितो, आणि ती कृपा त्यास सत्कृत्यांसाठी समर्थ करिते, असा त्याचा सारांश. २००६ साली जागतिक मेथॉडिस्ट परिषद व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ ह्या मतैक्यात सामील झाले. सर्व प्रश्न सुटले असे कोणीही म्हटले नाही. परंतु ह्या बाबतीत जुन्या शापवचनांचा मारा आजच्या शिकवणीवर लागू पडत नाही, असे दोन्ही पक्षांनी लिहून दिले.

पाचवा प्रश्न शास्त्राचा. कॅथोलिकांस बायबल वाचण्याची मनाई आहे असे अजून ऐकू येते. ह्या म्हणण्याचे मूळ इतिहासात आहे. १५६४ च्या नियमांनुसार देशी भाषेतील शास्त्र वाचण्यास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागे. परंतु १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या सभेने सर्व विश्वासणाऱ्यांस शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. आपल्या महाराष्ट्रात तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून मराठी वाचकांस दिले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्याही फार पूर्वी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स ह्या जेझुइट पाळकाचे ‘क्रिस्तपुराण’ गोमंतकात छापले गेले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गाइली जात होती, आणि ती गाणारा कॅथोलिक होता. त्यांच्या शास्त्रात ७३ पुस्तके आहेत व आपल्या शास्त्रात ६६. नव्या करारातील २७ पुस्तके दोघांचीही तीच आहेत. भेद जुन्या करारातील सात पुस्तकांचा व काही भागांचा आहे, आणि शास्त्राबरोबर मंडळीच्या परंपरेस किती अधिकार द्यावा ह्याचा आहे. हा दुसरा भेदच सर्व भेदांचे मूळ होय.

येथे कोणी सावध वाचक आम्हांस अडवील व म्हणेल, एवढ्या न्यायबुद्धीने सत्याविषयीचा आवेश थंड होणार नाही काय? आमच्या वडिलांनी ज्यासाठी छळ सोसला ते आम्ही गोड बोलून विकून टाकीत नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. त्यास उत्तर दिले पाहिजे.

सत्याची बाजू असत्याच्या आधाराने उभी राहत नाही. आपल्या मंडळीतील तरुणास आपण सांगितले की कॅथोलिक मरीयेस देव मानितात, आणि तो मुंबईस कामास जाऊन एखाद्या भक्तिमान कॅथोलिक कुटुंबाशेजारी राहिला, तर आपले सांगणे खोटे होते हे त्यास महिन्याभरात कळेल. मग आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवर तरी तो विश्वास का ठेवील? खोटा आरोप असा अखेर आपल्याच लेकरांचा विश्वास पोखरतो. दुसरे असे की, जो शेजाऱ्याची चूक मनाने रचून तिचे खंडन करितो तो स्वतःच्या विश्वासाची परीक्षा कधी करीतच नाही. रोमन कॅथोलिक शिकवणीचे खरे व उत्तम रूप समोर ठेवून मी येथेच का उभा आहे, असे जो स्वतःस विचारतो त्याचा विश्वास अधिक खोल मूळ धरितो. आवेश थंड होण्याचे भय ज्यास वाटते त्याने ही परीक्षा करून पाहावी.

आणि हे सर्व आपल्या घरांपासून दूर नाही. काही काळापूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या मुलीचा विवाह एका कॅथोलिक तरुणाशी ठरत होता. भावकीतील लोकांनी त्यांस सांगितले होते की, मुलगी ख्रिस्तास सोडून चालली. तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल व तिचा पहिला बाप्तिस्मा व्यर्थ ठरेल. ते गृहस्थ रात्र रात्र झोपले नव्हते. अशा पित्यास काय सांगावे? त्यास खोटे भय देणे पाप, आणि खोटा धीर देणेही पापच. आम्ही त्यांस सांगितले ते असे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, मंडळी जे करिते तेच करण्याच्या हेतूने व पाण्याने झालेला बाप्तिस्मा रोमन कॅथोलिक मंडळी खरा मानिते व पुन्हा देत नाही. ज्या ट्रेंटच्या सभेने आपल्या सुधारकांस पाखंडी म्हटले, तिनेच १५४७ साली पाखंडी मानलेल्यांच्या हातचा असा बाप्तिस्माही खरा धरिला. विवाहासाठी मुलीने आपली मंडळी सोडलीच पाहिजे असा त्यांचा नियम नाही. मात्र मुलांचा बाप्तिस्मा व शिक्षण आपल्या मंडळीत व्हावे म्हणून शक्य ते सर्व करण्याचे वचन कॅथोलिक वरास द्यावे लागते. तसे वचन १९७० पासून दुसऱ्या पक्षाकडून मागितले जात नाही, परंतु त्यास ही गोष्ट कळविली जाते. आणि सामान्यतः ती दोघे एका मेजावर प्रभूभोजन घेऊ शकणार नाहीत. भाकर व द्राक्षारस ह्यांचे तत्त्वच पालटून ती ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, असे ती मंडळी मानिते. आम्ही तसे मानीत नाही. आणि ज्यांच्याशी पूर्ण ऐक्य नाही त्यांस ती आपल्या मेजावर सहसा घेत नाही.

हे ऐकून त्या गृहस्थांच्या मनावरचा एक भार उतरला व दुसरा चढला. मुलगी ख्रिस्तास सोडीत नाही हे त्यांस समजले. पण एकाच प्रभूची दोन लेकरे एका घरात एका ताटात जेवतील आणि प्रभूच्या मेजाशी मात्र वेगळी होतील, हे दुःख त्यांस प्रथमच दिसले. आम्हांस वाटते, हेच खरे दुःख होय, आणि खोट्या आरोपांच्या गर्दीत ते आपणांस दिसेनासे होते. जो म्हणतो ‘ते ख्रिस्तीच नव्हेत’, त्यास ह्या फुटीचे दुःख होण्याचे कारणच नाही. परक्याशी फूट कसली? आणि जो म्हणतो ‘सर्व एकच आहे’, त्यासही ते होत नाही. ते त्यासच होते, जो विश्वासांगीकारातील एक मंडळी खरी मानितो आणि डोळ्यांसमोरची दुभंगलेली मंडळीही खरी पाहतो.

मग आपण काय करावे? कुटुंबप्रमुखांनी एका आठवड्याच्या कुटुंबप्रार्थनेत विश्वासांगीकार वाक्यावाक्याने घ्यावा व मुलांस प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. पुष्कळ जण विचारतात, जे पूर्ण समजले नाही ते ‘मी विश्वास धरितो’ म्हणून बोलणे ढोंग नव्हे काय? मूल ‘बाबा’ म्हणावयास शिकते तेव्हा पितृत्वाचा अर्थ त्यास कळलेला नसतो, तरी ते खोटे बोलत नाही. ते योग्य मनुष्यास योग्य नावाने हाक मारिते, आणि अर्थ हळूहळू वाढतो. ढोंग तेव्हा होईल, जेव्हा अर्थ कळल्यावरही आपण त्याप्रमाणे चालणार नाही. ज्यांस कॅथोलिक शेजारी आहे त्यांनी त्याच्याकडे जाऊन, वाद जिंकावयास नव्हे तर जाणून घ्यावयास, तो काय मानितो ते विचारावे, आणि त्याने विचारल्यास आपणही काय मानितो ते संकोच न धरिता सांगावे. आपणांविषयीही त्यांच्यात कमी गैरसमज नाहीत. आपला धर्म एका इंग्लिश राजाच्या विवाहाच्या भांडणातून निघाला, किंवा आपण मरीयेचा अपमान करितो, असे त्यांच्यापैकी काही जण समजतात. आपण खरे सांगितले तर खरे ऐकण्याचा अधिकार आपणांस मिळेल.

येत्या प्रभूच्या दिवशी अंगीकार म्हणताना आपण त्या शब्दांपाशी येऊ, तेव्हा क्षणभर त्या शब्दांचा विस्तार मनात आणावा. त्यात आपली दहा घरांची मंडळी आहे. वसईच्या वाड्यांतून तेच शब्द म्हणणारे आहेत, आणि साखळदंडात रोमकडे जाणारा इग्नेशियसही आहे. ह्या सर्वांविषयी खरी साक्ष देण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो, आणि जे त्याने एक केले व मनुष्यांनी दुभंगले, ते त्याच्या वेळी तो पुन्हा जोडो.